अमेलिया इअरहार्ट : हाउलंडला न पोहोचलेले विमान

अटलांटिक महासागर एकटीने विमानातून ओलांडणारी पहिली महिला, हा मान अमेलिया इअरहार्ट यांनी १९३२ मध्ये मिळविला. पाच वर्षांनी, २ जुलै १९३७ रोजी, ही अमेरिकी वैमानिक प्रशांत महासागरावर बेपत्ता झाली.

विषुववृत्ताजवळून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा त्यांचा संकल्प होता. १ जून रोजी मायामीहून निघालेले त्यांचे लॉकहीड इलेक्ट्रा विमान दक्षिण अमेरिका, आफ्रिका, कराची, कोलकाता असे टप्पे घेत महिनाअखेरीस न्यू गिनीतील ले येथे पोहोचले. सुमारे ३५ हजार किलोमीटर अंतर कापून झाले होते. पुढचा थांबा हाउलंड. ४,१०० किलोमीटर दूरचे, जेमतेम अडीच किलोमीटर लांबीचे हे सपाट बेट गाठण्यासाठी सहकारी फ्रेड नूनन यांच्या दिशागणिताला रेडिओची साथ अत्यावश्यक होती.

नेमकी तीच मिळाली नाही. बेटाजवळ उभ्या असलेल्या 'इटास्का' या तटरक्षक जहाजावर इअरहार्ट यांचा आवाज स्पष्ट येत होता. जहाजावरील बोलणे मात्र त्यांना ऐकू जात नव्हते. जहाजाचे मोर्स संकेत एकदा त्यांना ऐकू आले, पण त्यावरून दिशा ठरविता आली नाही. त्या ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलत, तिच्यासाठी जहाजावरील दिशाशोधक यंत्र निरुपयोगी होते. 'जहाज दिसत नाही, इंधन संपत आले आहे', अशा आशयाचा संदेश आला. सकाळी पावणेनऊच्या सुमारास आलेला उत्तर-दक्षिण उड्डाणाचा संदेश शेवटचा ठरला.

विमानवाहू 'लेक्सिंग्टन'सह अनेक जहाजांनी केलेला शोध १९ जुलैला थांबला. जानेवारी १९३९ मध्ये न्यायालयाने इअरहार्ट यांना मृत घोषित केले.

इंधन संपून विमान हाउलंडनजीक बुडाले, हे मत अधिक ग्राह्य मानले जाते. निकुमारोरो बेटावर उतरल्याच्या तर्काला तेथे १९४० मध्ये सापडलेल्या हाडांमुळे बळ मिळाले. पण ती हाडे पुढे गहाळ झाली. जपानी कैदेचा पुरावा म्हणून २०१७ मध्ये गाजलेले छायाचित्र १९३५ च्याच पुस्तकातील निघाले, तर २०२४ मध्ये सोनारवर विमानासारखी भासलेली आकृती खडकांची ठरली. विमानाचा एकही निर्विवाद अवशेष अद्याप हाती आलेला नाही.