लोकांची बाग : तंजावरचे शिवगंगा उद्यान

बदलीच्या गावी बिऱ्हाड थाटले की मराठी नोकरदार पहिल्या महिन्यात दोन गोष्टींचा शोध घेतो : आपली भाषा बोलणारे एखादे कुटुंब आणि संध्याकाळी मुलांना घेऊन जाण्याजोगी एखादी बाग. चंदीगडला ज्यांची नेमणूक होते त्यांना १९६७ साली उभारलेली, राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या नावाची गुलाबबाग आयतीच लाभते. निलगिरीच्या गारव्यात उटकमंडलासही १९९५ मध्ये सरकारी गुलाबबाग झाली. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मात्र गुलाबांच्या अशा वैभवाची अपेक्षा कोणी करू नये. ही भूमी भाताची. कल्लणैपाशी कावेरीचे पाणी वाटले जाते आणि पुढे शाखा-उपशाखांतून गावोगावच्या खाचरांत उतरते. येथल्या बाजारांत मान आहे तो मोगऱ्याला आणि दवण्याला. नाना रंगांची फुले व सुवासिक पाला एकत्र गुंफलेली ‘कदंबम्’ नावाची माळ ही तर तंजावरची खास ओळख.

तरीही गुलाब या प्रदेशास अनोळखी नाही. फारसीत ‘गुलाब’ म्हणजे गुलाबाचे पाणी. आपण मराठीत ते पाण्याचे नाव फुलालाच देऊन टाकले. तमिळ भाषेने फूल आणि पाणी निरनिराळी ठेवली. पाण्याला ‘पन्नीर’ हे स्वतःचे नाव दिले आणि फुलासाठी युरोपातून आलेला ‘रोजा’ हा शब्द घेतला. लग्नघरी दाराशी पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडण्याची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच. म्हणून येथे गुलाब ताटव्यात भेटण्याआधी बहुधा उंबरठ्यावर भेटतो.

ज्याला बाग म्हणून बाग पाहावयाची आहे, त्याने तंजावरात बृहदीश्वराच्या देवळालगतच्या शिवगंगा उद्यानात जावे. तेथे जाणाऱ्या मराठी मनुष्याच्या मनात एक समज हटकून असतो : तंजावरात मराठ्यांचे राज्य होते, तेव्हा ही बागही मराठा राजांचीच असली पाहिजे. हा समज अभिमानाला सुखावणारा आहे; पण तो खरा नाही, आणि त्यामागचा खरा इतिहास त्याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे.

त्रिभुज प्रदेशातील बागांचा इतिहास पाहिला तर तीन पायऱ्या दिसतात. पहिली बाग देवाची. गावोगावच्या देवळांना जोडून ‘नंदवनम्’ असे आणि त्याच्यासाठी जमिनी तोडून दिल्याचे उल्लेख चोळकालीन शिलालेखांत आढळतात. तेथले फूल देवाच्या माळेसाठी. माणसाने ते केसांत माळण्यासाठी नव्हे.

दुसरी बाग राजाची. तिचा येथील सर्वांत जाणता धनी म्हणजे दुसरे सरफोजी राजे. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे राहिला तो तंजावरचा किल्ला, एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. ज्याच्या हातून राज्य गेले अशा पुरुषाने उरलेल्या ३३ वर्षांत काय करावे? सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, धन्वंतरी महालात औषधोपचारांचे प्रयोग करविले आणि औषधी वनस्पतींची लागवड करवून चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढविली. १८२६ मध्ये त्यांना भेटलेल्या बिशप हेबरने, हा राजा लिनिअस आणि ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो, असे मोठ्या आश्चर्याने लिहून ठेवले. येथे फूल पूजेचे साधन उरले नाही. ते ज्ञानाचा विषय झाले. तथापि ती बाग राजाचीच होती.

तिसरी पायरी १८५५ नंतरची. त्या वर्षी सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे पुत्रसंतानावाचून वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. एवढेच नव्हे, तर राजांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. हे राज्यसत्तेचे कृत्य असल्यामुळे त्यात न्यायालयाला दखल घेता येत नाही, असे कारण दिले गेले. खासगी मिळकत पुढे १८६२ मध्ये राण्यांना परत मिळाली, तीही सरकारच्या मर्जीने.

१८६६ मध्ये तंजावरला नगरपालिका आली आणि १८७१-७२ मध्ये तिने शिवगंगा तलावाच्या परिसरात लोकांसाठी हे उद्यान केले. म्हणजे मराठी राज्य बुडाल्यावर सोळा वर्षांनी. ही जागाही अनेकांच्या हातांतून आलेली. नायक राजवटीत सेवप्पा नायकाने बांधलेल्या तलावातील पाणी शिवगंगेत येई आणि तेथून जमिनीखालच्या नळांनी शहरात खेळविले जाई. शेजारचे चर्च जर्मन मिशनरी श्वार्ट्झ याने १७७९ मध्ये बांधविले. सरफोजींना त्याने लहानपणी वाढविले. म्हणून त्याच्या मृत्यूनंतर राजांनी शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मरणशय्येवरील गुरूचा हात धरलेला राजा त्यात आजही दिसतो.

असे असता आपला वारसा कोणता? बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी लेख हा एक. ओरत्तनाडू येथे सरफोजींनी मुक्तांबेच्या नावे उभारलेले छत्र हा दुसरा. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरू तेथे जेवून जात. १९१८ पासून सर्वांना खुला झालेला सरस्वती महाल हा तिसरा. या तिन्हींत एक सूत्र आहे. ज्यावर केवळ राजाचा हक्क होता, तो सत्तेच्या एका हुकुमाने गेला. जे वाचणाऱ्याला, वाटसरूला, अभ्यासकाला मिळाले, ते राहिले. शिवगंगा उद्यान मराठ्यांनी केले नसले तरी त्या सूत्राला धरूनच आहे.

परप्रांती नोकरी करणाऱ्याला हे विशेष उमजावे. आपली वस्तीही मुदतीची, आपला अधिकारही हुकुमाने येणारा व जाणारा. बदलीचा कागद आला की खुर्ची दुसऱ्याची होते. परंतु आपल्या कारकिर्दीत लावलेले झाड, उघडलेली वाचनाची खोली, दुरुस्त केलेला पाण्याचा नळ यांवर कोणाच्या बदलीचा हुकूम लागू होत नाही. शिवगंगेच्या काठी सावलीत बसणारा मनुष्य ती कोणी दिली हे विचारीत नाही. त्याने विचारू नये, यातच सार्वजनिक बागेचे यश आहे.