तळटीप : ‘तीन कप्प्यांचे हृदय’

लेखकाने येथे सरसकट ‘सरपटणाऱ्या प्राण्यांचे हृदय तीन कप्प्यांचे’ असे लिहिले आहे. साप, सरडे, कासवे यांच्यापुरते ते चालेल, कारण त्यांच्या निलयातला पडदा अर्धवट असतो. मगरीला मात्र ते लागू नाही. कृष्णाकाठी दिसणाऱ्या मगरीचेही हृदय आपल्यासारखे पूर्ण चार कप्प्यांचे असते : दोन अलिंदे, दोन निलये. पण मौज पुढेच आहे. आपल्या महारोहिणीचा उगम डाव्या निलयात होतो. मगरीला अशा दोन महारोहिण्या असतात, आणि त्यांतली डावी उजव्या निलयातून, म्हणजे अशुद्ध रक्ताच्या बाजूने निघते. दोहोंच्या मुळाशी एक लहानसे छिद्र आहे. पाव्हियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ पानित्सा यांनी १८३३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. मगर पाण्याखाली दम धरून असते तेव्हा फुप्फुसांकडची वाट झडपेने आवळली जाते आणि उजव्या निलयातले रक्त फुप्फुसे टाळून डाव्या महारोहिणीतून थेट शरीरात जाऊ शकते. चार कप्प्यांच्या माणसाला ही सोय नाही. (‘शुद्ध-अशुद्ध’ हे शब्द रूढ म्हणून ठेवले; खरा फरक ऑक्सिजनच्या प्रमाणाचा.) माशांचा उल्लेख लेखकाने पुढे केलाच आहे : एक अलिंद, एक निलय, आणि रक्त एका फेरीत हृदयातून एकदाच जाते. बेडकाचे हृदय तीन कप्प्यांचे, हे लेखकाचे विधान बरोबर. — संपा.