अहमदाबादचा इजारा : १८०० ते १८१७

सरकारी मक्ता मिळविणे म्हणजे सर्वांत मोठी बोली बोलणे, अशी सामान्य समजूत आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मामलतींचे जे वर्णन एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात केले आहे, त्यावरून ही समजूत दृढच होते. मामलती लिलावाप्रमाणे दिल्या जात. मामलेदार त्या चढ्या रकमेने पोटमक्तेदारांस देत आणि अखेरीस सर्व भार पाटील व रयत यांवर पडे. तथापि अहमदाबादच्या इजाऱ्याचा इतिहास पाहिला म्हणजे बोलीहून निराळ्या गोष्टी निर्णायक ठरल्याचे दिसून येते.

गुजरातच्या वसुलात पेशवे व गायकवाड यांची वाटणी असून अहमदाबाद शहरातही दोघांचा अंमल होता. पेशव्यांचा अधिकारी आबा शेलूकर याचा गायकवाडांनी पराभव केल्यावर, १८०० साली पेशव्यांच्या वाट्याचा वसूल त्यांस ५ वर्षांच्या मुदतीने सालिना ५ लाख रुपयांस इजाऱ्याने मिळाला. १८०४ साली तो १० वर्षांकरिता पुन्हा देण्यात आला. रक्कम मात्र साडेचार लाखांवर आली. मुदत दुप्पट आणि रक्कम कमी, हे कसे घडले? शेजारचा वाटा गायकवाडांचाच असल्याने दोन्ही वसूल एका हाती ठेवणे त्यांस सोयीचे होते, हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशवे इंग्रजांवर अवलंबून होते आणि इंग्रज गायकवाडांचे पाठीराखे होते.

१८१४ साली मुदत संपली. बाजीरावाने इजाऱ्याचे नूतनीकरण नाकारून अहमदाबादचा कारभार त्रिंबकजी डेंगळे यास दिला. इजारा व जुन्या देण्याघेण्याचा निकाल लावण्यासाठी गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास त्यांचा खून झाला. त्याचा ठपका त्रिंबकजीवर ठेवून इंग्रजांनी त्यास ताब्यात मागितले व ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. १८१६ मध्ये तो तेथून निसटला आणि प्रकरण अधिकच चिघळले.

जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्यांस हा इजारा गायकवाडांस कायमचा द्यावा लागला. रक्कम तीच, सालिना साडेचार लाख. आकडा बदलला नाही, मुदत बदलली. आणि मुदत कायमची होताच, पुढील खेपेस नकार देण्याचा देणाऱ्याचा अधिकार संपला. इजारा आणि दान यांतील भेद या अधिकारातच असतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गायकवाडांनी हा हक्क कंपनीस देऊन टाकला. सतरा वर्षे ज्यासाठी झगडा चालला, तो मक्ता शेवटी मागणाऱ्याच्याही हाती राहिला नाही आणि देणाऱ्याच्याही नाही. तो हमीदाराच्या पदरी पडला. मक्त्याचा इतिहास अभ्यासताना रकमेच्या रकान्याइतकेच मुदत व हमी यांकडेही लक्ष का द्यावे, हे यावरून ध्यानी येईल.