गिटारवादक भूपिंदर सिंग : ध्वनिमुद्रिकेवर नसलेले नाव

भारतीय श्रोत्यांपैकी बहुसंख्यांना रॉक संगीतातील गिटारचा पहिला परिचय चित्रपटगीतांतून झाला. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधील 'दम मारो दम' हे त्याचे ठळक उदाहरण होय. राहुलदेव बर्मन यांच्या या गीतातील गिटार भूपिंदर सिंग यांची आहे. ध्वनिमुद्रिकेवर मात्र चित्रपट, गायिका, गीतकार आणि संगीतकार यांचीच नावे आढळतात. वादकाची नोंद करण्याचा प्रघातच तेव्हा नव्हता. परिणामी हा इतिहास वादकांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणींवर विसंबतो, आणि कागदोपत्री पुराव्याची सवय असलेल्या आपणा इतिहासाच्या अध्यापकांना ही बाब अडचणीची वाटते.

अमृतसर येथे १९४० साली जन्मलेले भूपिंदर दिल्ली आकाशवाणीवरून मदनमोहन यांच्यामुळे मुंबईत आले. 'हकीकत' (१९६४) मध्ये ते गायले, 'घरोंदा' (१९७७) मधील त्यांचा आवाज सर्वतोमुखी झाला. पुढे गझलगायनात त्यांनी स्वतंत्र स्थान मिळवले. त्यांच्या वादनाची चौकशी झाली ती बव्हंशी या गायनामुळेच, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शेजारच्या खुर्चीवर बसून वाजवणाऱ्या, पण न गाणाऱ्या वादकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १८ जुलै २०२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हाही बातम्यांचे मथळे गायकाचेच होते.