अकरा महिन्यांची शॅरन आणि फिरते घोडे

आमच्या गावच्या उरुसात घोड्यांचा पाळणा यायचा. लाकडाचे चार-सहा घोडे, मधे खांब, आणि बनियनवरचा माणूस तो हाताने ढकलत फिरवायचा. २०१९ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर निळ्या-पिवळ्या छताखाली तसेच घोडे फिरताना दिसले आणि मला हसू आले. माझ्या मनात संग्रहालये होती, पण सोबत भाचीचा चार वर्षांचा मुलगा होता. "नाना, घोडा!" म्हणत त्याने मला रांगेत नेऊन उभे केले. स्मिथसोनियनची जुनी आर्ट्स अँड इंडस्ट्रीज इमारत समोरच होती.

एका घोड्यावर पितळी पट्टी आहे. तिच्यावर नाव कोरले आहे, शॅरन लँगली. भाचीला त्यामागची गोष्ट ठाऊक होती. पुढे मीही ती वाचून काढली.

हे घोडे १९४७ साली अ‍ॅलन हर्शेल कंपनीने बनवले. त्यांची मूळ जागा बाल्टिमोरजवळचे ग्विन ओक पार्क. तिथे पाळणे होते, नाचायला मोठा हॉल होता आणि दारावर एक नियम होता, फक्त गोऱ्यांसाठी. गंमत म्हणजे याच बागेत दरवर्षी 'सर्व राष्ट्र दिन' साजरा व्हायचा. देशोदेशीचे पदार्थ, देशोदेशीचे नाच. बाल्टिमोरमधल्याच काळ्या माणसाला मात्र आत पाऊल टाकता येत नसे. १९५५ पासून काही कार्यकर्ते त्या दिवशी फाटकावर निदर्शने करू लागले.

आठ वर्षे फाटक उघडले नाही. मग ४ जुलै १९६३, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, या दिवशी शेकडो लोक बागेत शिरले. त्यात काळे होतेच, पण गोरे पाद्री, कॅथलिक धर्मगुरू आणि यहुदी रब्बीही होते. बाग खासगी मालकीची, त्यामुळे बेकायदा प्रवेशाचा गुन्हा लावून पोलिसांनी २८३ जणांना पकडले. तीन दिवसांनी पुन्हा तेच झाले, पुन्हा अटका. धर्मगुरूंना पोलीस गाडीत कोंबतात ही बातमी देशभर गेली आणि मालकांना बोलणी करावी लागली.

तारीख ठरली २८ ऑगस्ट १९६३. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख माणसे जमली होती आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते जगप्रसिद्ध भाषण झाले. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर ग्विन ओकमध्ये अकरा महिन्यांची शॅरन घोड्यावर बसली. पडू नये म्हणून वडील शेजारी तिला धरून उभे होते. त्या बागेत पाळण्यावर बसलेले ते पहिले काळे मूल.

एवढा खटाटोप पाळण्यासाठी? मलाही आधी तसेच वाटले होते. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात किंग यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिले आहे. टीव्हीवर जाहिरात पाहून ती अटलांटाच्या फनटाउनला जायचा हट्ट धरते, आणि ती बाग तुझ्यासारख्या मुलांना बंद आहे हे बापाला सांगावे लागते. लहान मुलाला राज्यघटना समजत नाही, पण बंद फाटक समजते.

मला अटक करून घेणाऱ्या त्या गोऱ्या धर्मगुरूंचा विचार सोडवेना. त्यांच्यासाठी फाटक उघडेच होते. इथे मला महाड आठवले. चवदार तळ्याचे पाणी मुसलमानांना भरता येत होते, अस्पृश्यांना नव्हते. १९२७ च्या डिसेंबरमधल्या परिषदेला मंडपासाठी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. मनुस्मृतीचे दहन झाले ते त्याच जागेवर. आपल्या सभांतून हे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यावेच. पण त्या तळ्यावर घागरी भरून रोज घरी जाणारे आपले बाकीचे लोकही होतेच की. त्यांची नावे कुणी विचारत नाही.

आमच्या उरुसातल्या पाळण्यावर कुणी कुणाची जात विचारत नसे, असे मी कित्येक वर्षे छातीठोकपणे सांगत आलो. एकदा वर्गमित्रापुढेही सांगितले. तो बौद्धवाड्यातला. तो एवढेच म्हणाला, "आम्ही रात्री उशिरा यायचो, गर्दी कमी झाल्यावर." मी दहा वर्षे त्याच्याबरोबर एका बाकावर बसलो होतो.

१९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरात ग्विन ओक पार्क बुडाले आणि कायमचे बंद झाले. पण हे घोडे वाचले. १९८१ साली ते या मॉलवर आले. भाषणाच्या दिवशी अडीच लाख माणसे जमली होती, तोच हा मॉल. मोठेपणी शॅरन यांनी या प्रसंगावर मुलांसाठी एक पुस्तकही लिहिले, एका लेखिकेच्या सोबतीने.

आमची पाळी आली. पोराला शॅरनचा घोडा हवाच होता असे नाही, त्याचा डोळा ड्रॅगनवर होता. तो दुसऱ्या मुलीने पटकावला, म्हणून हा रुसून एका पांढऱ्या घोड्यावर बसला. मी त्याच्या कमरेला हात लावून शेजारी उभा राहिलो. दोन फेऱ्यांत रुसवा गेला. उतरल्यावर म्हणाला, "नाना, परत."

आम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो.