न झालेल्या निवडणुकांचा इतिहास : पाप्पापट्टी, कीरिपट्टी, नाट्टारमंगलम (१९९६–२००६)

निवडणुकीचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः आकड्यांपासून आरंभ करतो. कोण उभे राहिले, कोणास किती मते पडली, सत्ता कोणत्या गटाकडून कोणत्या गटाकडे गेली, या कोष्टकांवर पुढील सारे विवेचन उभे राहते. परंतु जेथे दहा वर्षे हे कोष्टक रिकामेच राहिले, अशा ग्रामपंचायतींचा निवडणूक-इतिहास कसा लिहावा? तमिळनाडूच्या मदुरै जिल्ह्यातील उसिलंपट्टी परिसरातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी व नाट्टारमंगलम आणि शेजारच्या विरुदुनगर जिल्ह्यातील कोट्टकच्चियेंदल या चार पंचायतींनी १९९६ ते २००६ या काळात हा प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे. न झालेली निवडणूक हीदेखील एक राजकीय कृती असते आणि तिचा अर्थ लावण्यासाठी मतमोजणीइतकेच शब्दार्थाचेही साहाय्य घ्यावे लागते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१

प्रथम शब्दाचा विचार करू. ग्रामपंचायतीला तमिळमध्ये ‘ऊराट्चि’ म्हणतात. ‘ऊर’ म्हणजे गाव आणि ‘आट्चि’ म्हणजे शासन. पंचायतीचा अध्यक्ष हा ‘तलैवर’. ‘तलै’ म्हणजे डोके, मस्तक. शब्दकोशाच्या आधारे ‘ऊर’चे मराठी भाषांतर ‘गाव’ असे बिनदिक्कत करता येते; तथापि व्यवहारात ‘ऊर’ म्हणजे सवर्ण अथवा प्रबळ जातीची वस्ती, आणि दलितांची वस्ती ती ‘चेरी’. संघकालीन काव्यात ‘चेरी’चा अर्थ केवळ वस्ती किंवा आळी असा होता, त्याचा संकोच पुढे झाला. चोळकालीन शिलालेखांत ‘परैच्चेरि’ गावठाणापासून वेगळी नोंदलेली आढळते, यावरून ही विभागणी किमान हजार वर्षे जुनी ठरते.

मराठी वाचकास हे अपरिचित वाटू नये. ‘गाव’, ‘गावकूस’ आणि ‘गावकी’ या शब्दांची रचना अशीच आहे. बलुतेदारीत महार गावाचा होता, गावाच्या कामाचा होता. परंतु राहावयास गावकुसाबाहेर होता आणि गावकीच्या निर्णयात त्याला मत नव्हते. ‘ऊर’ला नेमका मराठी प्रतिशब्द शोधावयाचा तर तो ‘गाव’ नसून ‘गावकी’ हाच होय, असे म्हणावे लागेल.

तमिळ ग्रामशासनाच्या प्राचीन लोकशाहीचा दाखला म्हणून उत्तरमेरूर येथील पहिल्या परांतक चोळाच्या काळातील (इ. स. ९१९ व ९२१) शिलालेखांचा उल्लेख वारंवार केला जातो. ताडपत्रावर नावे लिहून ती घटात टाकावयाची आणि त्यातून सभासद निवडावयाचे, ही ‘कुडवोलै’ पद्धती त्यांत वर्णिलेली आहे. हिशेब न देणाऱ्यास अपात्र ठरविणारा तो नियम आजही अनुकरणीय वाटतो. परंतु ती सभा ब्राह्मणांच्या अग्रहाराची होती; सभासदत्वासाठी करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरील घर, पस्तीस ते सत्तर हे वय आणि वेदविद्येचे ज्ञान आवश्यक होते. अर्थात घटात कोणाचे नाव पडू शकत नाही, हे घट मांडण्यापूर्वीच ठरलेले होते. पाप्पापट्टीचा प्रश्न याच जागेवरून सुरू होतो.

२

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिच्या २४३-ड या अनुच्छेदाने पंचायतींतील जागाच नव्हे, तर अध्यक्षपदेही अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि आळीपाळीने राखून ठेवली. तमिळनाडूने १९९४ मध्ये नवा पंचायत कायदा केला आणि त्यानुसार ऑक्टोबर १९९६ मध्ये निवडणुका घेतल्या. या कायद्यान्वये ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हाविना होते, अध्यक्ष थेट मतदारांकडून निवडला जातो, तर उपाध्यक्षाची निवड प्रभाग-सदस्य करतात. धनादेशावर अध्यक्षाच्या जोडीने उपाध्यक्षाचीही सही लागते. उपाध्यक्षपद राखीव नाही. हा वरवर तांत्रिक वाटणारा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

राखीव पदासाठी उमेदवार दलित असला तरी मतदार मात्र सारे गाव असते. हे सूत्र सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराचे आहे : राखीव जागा, संयुक्त मतदारसंघ. करारानंतर दोनच आठवड्यांनी, ऑक्टोबर १९३२ मध्ये, मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मतदान मिळाले तरी गावोगाव अल्पसंख्य असलेल्या अस्पृश्यांना त्याने प्रतिनिधित्व मिळणार नाही, म्हणून राखीव जागा हव्यात, असा आग्रह धरला होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात त्यांनी गावाविषयी केलेली कठोर टीका सर्वज्ञात आहे. त्यांच्या १९३२ च्या मागणीचा एक भाग, म्हणजे राखीव पद, साठ वर्षांनी घटनेत आला. परंतु ते पद भरण्याची सत्ता ज्यांच्याकडे संख्याबळ आणि जमीन दोन्ही आहेत त्यांच्याच हाती राहिली, तर काय होते? या चार पंचायतींत या सूत्राची अत्यंत टोकाची परीक्षा झाली.

३

उसिलंपट्टी परिसरात पिरमलै कळ्ळर ही जात प्रबळ आहे. दलित कुटुंबे बहुतांशी त्यांच्याच शेतांवर मजुरी करणारी. पंचायतीचे अध्यक्षपद राखीव झाल्यावर ‘ऊर’ने ते नाकारले. नाकारण्याच्या रीती तीन होत्या. पहिली, कोणीही अर्ज भरू नये अशी व्यवस्था करणे. दुसरी, भरलेला अर्ज मुदतीत मागे घ्यावयास लावणे. तिसरी रीत अधिक सूक्ष्म होती : ‘ऊर’ने स्वतःच एका दलित व्यक्तीस उभे करावयाचे, बहुमताने निवडून आणावयाचे आणि निवड घोषित होताच त्याच्याकडून राजीनामा घ्यावयाचा. कायद्याप्रमाणे पद रिक्त झाले की पोटनिवडणूक. पोटनिवडणूक झाली की पुन्हा राजीनामा. दहा वर्षांत डझनाहून अधिक वेळा ही प्रक्रिया आरंभिली गेली आणि प्रत्येक वेळी निष्फळ ठरली. मधल्या काळात कारभार सरकारी अधिकाऱ्यांकडे राहिला.

तिसऱ्या रीतीत कायद्याचा एकही शब्द मोडला जात नाही, हे येथे विशेष नोंदविले पाहिजे. अर्ज वैध, मतदान वैध, राजीनामाही वैध. बाहेरून पाहणाऱ्यास तो एका व्यक्तीचा खाजगी निर्णय दिसतो. ज्याची रोजची भाकरी, पाणी आणि वाट ‘ऊर’च्या हातात आहे, त्याच्या स्वाक्षरीस ‘स्वेच्छा’ म्हणावे काय, हा प्रश्न निवडणूक-नियमांच्या कक्षेत येत नाही.

‘ऊर’च्या वर्तनाचे स्पष्टीकरण केवळ सत्तालोभाने होत नाही. दक्षिण तमिळनाडूत देवळातील ‘मुदल मरियादै’, म्हणजे उत्सवातील पहिला मान, हे प्रतिष्ठेचे मोजमाप आहे. पंचायतीचे अध्यक्षपद याच मानाच्या भाषेत वाचले गेले. राज्यघटनेने ज्यास प्रशासकीय पद म्हटले, त्यास गावाने मानपान मानले. एकाच ‘तलैवर’ या शब्दाची ही दोन वाचने होती, आणि त्यांच्यात तडजोड शक्य नव्हती.

येथे इतिहासाचा एक विरोधाभासही लक्षात घ्यावयास हवा. याच पिरमलै कळ्ळरांना ब्रिटिश राजवटीने गुन्हेगार जमात ठरविले होते. बोटांचे ठसे देण्यास विरोध केला म्हणून ३ एप्रिल १९२० रोजी उसिलंपट्टीजवळील पेरुंगामनल्लूर येथे गोळीबार होऊन अनेक लोक मारले गेले. ज्या समाजास राज्यसंस्थेने अपमानाचा शिक्का मारला, त्यानेच सत्तर-ऐंशी वर्षांनी दुसऱ्या समाजाच्या सन्मानास अटकाव केला. सोसलेल्या अन्यायातून न्यायबुद्धी आपोआप उपजत नाही, एवढाच निष्कर्ष यातून काढता येतो. त्याने एका बाजूचे दुःख खोटे ठरत नाही की दुसऱ्या बाजूचा अपराध सौम्य होत नाही.

४

दलितांनी अर्जच का भरले नाहीत, असा प्रश्न विचारणाऱ्यास त्याच जिल्ह्यातील मेलूर तालुक्यातील मेलवळवु या गावाकडे पाहावे लागेल. तेथेही १९९६ मध्ये अध्यक्षपद राखीव झाले. दहशतीमुळे व मतदानकेंद्रावरील मोडतोडीमुळे निवडणूक खोळंबली आणि वर्षाअखेरीस मुरुगेसन निवडून आले. ३० जून १९९७ रोजी मदुरैहून बसने परतत असताना त्यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची हत्या झाली. २००१ मध्ये सतरा जणांना जन्मठेप झाली. त्यांतील उरलेल्या तेरा जणांना नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्य शासनाने मुदतपूर्व मुक्त केले. पाप्पापट्टीतील कोरे रकाने वाचताना मेलवळवुची ही नोंद बाजूस ठेवता येत नाही. एका गावातील रिकामे पान दुसऱ्या गावातील रक्ताने समजते.

५

मे २००६ मध्ये मु. करुणानिधी मुख्यमंत्री झाले. जिल्हाधिकारी टी. उदयचंद्रन यांनी ‘ऊर’ आणि ‘चेरी’ या दोहोंशी प्रदीर्घ बोलणी केली. ऑक्टोबर २००६ मध्ये चारही पंचायतींत निवडणूक झाली आणि निवडून आलेले दलित अध्यक्ष या वेळी पदावर राहिले. नोव्हेंबरमध्ये चेन्नई येथे ‘समत्तुव पेरुविळा’, म्हणजे समतेचा महोत्सव, या नावाने त्यांचा सत्कार झाला. पुढे २ ऑक्टोबर २०२१ रोजी मुख्यमंत्री मु. क. स्टालिन यांनी ग्रामसभेसाठी पाप्पापट्टीचीच निवड केली. त्यामागे ही स्मृती होती.

२००६ चे यश खरे होते, परंतु ते पूर्ण नव्हते. समझोत्याने झालेल्या निवडणुकीत ‘ऊर’ची संमती गृहीत होती, आणि संमती ही देणाऱ्याची सत्ता मान्य करूनच मिळते. शिवाय धनादेशावरील दुसरी सही उपाध्यक्षाची होती. पद मिळाले तरी खुर्ची मिळतेच असे नाही, हे राज्याने पुढेही पाहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये कडलूर जिल्ह्यातील तेर्कु तिट्टै येथील दलित महिला अध्यक्षास सभेत जमिनीवर बसविल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. निवडणुकीने दिलेली सत्ता आणि गावाने मान्य केलेली सत्ता यांतील अंतर त्या एका छायाचित्रात मोजता येते.

६

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास या इतिहासात काय मिळते? भारतीय साहित्याने पंचायतीच्या दोन प्रतिमा आपणांस दिल्या आहेत. प्रेमचंदांच्या १९१६ मधील ‘पंच परमेश्वर’ या कथेत पंचाच्या आसनावर बसताच माणूस वैयक्तिक वैरापासून मुक्त होतो. श्रीलाल शुक्लांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) या कादंबरीत वैद्यजी आपल्या दारी पडून असलेल्या शनीचरला ग्रामप्रधान करतात. पहिल्या प्रतिमेत आसन माणसास घडविते. दुसरीत मालक आसनावर माणूस ठेवतो. निवडून येऊन लगेच राजीनामा देणारा पाप्पापट्टीचा अध्यक्ष वरकरणी शनीचरचा भाऊबंद वाटतो. भेद असा की शनीचरला खुर्चीवर बसविले जाते, आणि येथे खुर्ची रिकामी ठेवण्यासाठीच माणूस निवडला जातो. उपहासात्मक कादंबरीलाही न सुचलेली ही युक्ती आहे.

या दोन्ही प्रतिमा गावाच्या आतून काढलेल्या आहेत. तिसरी प्रतिमा बामा यांच्या ‘करुक्कु’ (१९९२) या आत्मकथनात आहे. आपल्या गावाची रचना सांगताना टपाल कार्यालय, पंचायत, शाळा, मोठी दुकाने ही सारी वरच्या जातींच्या आळ्यांतच कशी होती, याची त्या नोंद करतात. येथे पंचायत नीतिकथा नाही की उपहासाचा विषय नाही. ती एक इमारत आहे आणि तिचा पत्ता ‘ऊर’चा आहे. मराठी दलित आत्मकथनांच्या वाचकास या नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पाप्पापट्टीच्या अध्यक्षास कार्यालयात जाण्यासाठी कोणती वाट ओलांडावी लागते, हे समजण्यास तिचे जेवढे साहाय्य होते तेवढे कोणत्याही निकालपत्रकाचे होत नाही.

या विवेचनाचा संबंध केवळ तमिळनाडूशी नाही. ‘बिनविरोध’ हा मराठीत गौरवाचा शब्द आहे. गुजरातने २००१ पासून एकमताने पंचायत निवडणाऱ्या गावांना ‘समरस’ योजनेद्वारे अनुदान दिले. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील पदांच्या लिलावाची दखल घेऊन महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगास तेथील निवडणूक रद्द करावी लागली. प्रत्येक बिनविरोध निवड दडपणाची असते असे मुळीच नाही. परंतु विरोध नव्हता, की विरोधाला जागा नव्हती, हे निकालाच्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी गावातील जमिनी कोणाच्या, पाणवठा कोणाचा आणि ‘गाव’ या शब्दात कोण मोजले जाते, हे विचारावे लागते.

पाप्पापट्टी, कीरिपट्टी, नाट्टारमंगलम आणि कोट्टकच्चियेंदल यांच्या दहा वर्षांच्या दप्तरात मते फारशी नाहीत. मागे घेतलेले अर्ज आहेत, राजीनामे आहेत आणि रिक्त पदाच्या सूचना आहेत. ‘ऊराट्चि’ या शब्दातील ‘ऊर’ कोणाचा, या एकाच प्रश्नाची ती सारी उत्तरे होत. २००६ मध्ये चेरीतील माणूस ‘तलैवर’ म्हणून पदावर टिकला, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ किंचित रुंदावला. शब्दाचा अर्थ रुंदावण्यास दहा वर्षे लागली आणि शेजारच्या गावात माणसांचे प्राण गेले, ही गोष्ट निवडणुकीच्या इतिहासात नोंदविली गेली पाहिजे, जरी तिच्यासाठी कोष्टकात रकाना नसला तरी.