प्रतिमादर्शित शलाकास्थापन

सोनोग्राफी अथवा सीटी स्कॅनच्या प्रतिमेवर नजर ठेवून त्वचेतून बारीक शलाका अर्बुदाच्या गाभ्यापर्यंत नेणे, व तेथेच उष्णतेने किंवा अतिशीताने ते निर्जीव करणे, अशा उपचारातील मुख्य कर्म. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस व अस्थी यांतील लहान गाठींसाठी, विशेषतः ज्यांच्या प्रकृतीस मोठी शस्त्रक्रिया मानवणार नाही अशा रुग्णांसाठी, हा इलाज योजितात. यकृतातील उच्च कंप्रतेच्या विद्युत्प्रवाहाच्या पद्धतीचे प्रथम विवेचन १९९० साली इटलीत रोस्सी व अमेरिकेत मॅकगहन यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे केले.

शलाकेच्या टोकातून सुमारे ४०० ते ५०० किलोहर्ट्झचा विद्युत्प्रवाह सोडला असता भोवतालचे ऊतक तापते. ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशींतील प्रथिने जवळजवळ तत्क्षणी साकळतात, मात्र १०० अंशांपलीकडे ऊतक कोळसून प्रवाहास अटकाव करते व उष्णता पुढे पसरत नाही. सूक्ष्मतरंगांच्या शलाकेस ही अडचण कमी भासते. शीतपद्धतीत आर्गॉन वायूने टोकाशी हिमगोल तयार करतात.

उष्णता यंत्र देते. वैद्याचे कौशल्य पणास लागते ते टोक नेमके कोठे ठेवावयाचे यात. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसोबत तिच्याभोवतीची पाच ते दहा मिलिमीटरांची निरोगी कडही जाळावी लागते, आणि शलाका थोडी जरी एका अंगास सरकली तरी दुसऱ्या अंगास जिवंत पेशी शिल्लक राहतात. त्यातून यकृत श्वासागणिक खालीवर होते. म्हणून रुग्णास दर वेळी तितकाच श्वास घेऊन रोखावयास सांगतात, सुई किंचित पुढे सारतात, पुन्हा चित्र घेतात, आणि टोक गाठीत बसल्याची खात्री पटेपर्यंत हा क्रम चालू ठेवतात. जवळून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर तिचे वाहते रक्त उष्णता हरण करते. आतडे लगत असल्यास मध्ये पाच टक्के डेक्स्ट्रोजचे पाणी सोडून त्यास दूर सारतात. मिठाचे पाणी विद्युद्वाहक असल्याने विद्युत्पद्धतीत वर्ज्य मानतात. चेन्नईच्या परफिंट कंपनीचे ‘मॅक्सिओ’ हे साधन कोन व खोली निश्चित करून देते, सुई मात्र वैद्याच्याच हातून आत जाते.

मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय हे अशा उपचारांचे प्रमुख केंद्र होय. घाटकोपर-मुलुंडचा रुग्ण मध्य रेल्वेने परळला उतरतो, अंधेरी-बोरिवलीचा पश्चिम रेल्वेने प्रभादेवीला. अंधेरी व मुलुंड येथील मोठ्या खासगी रुग्णालयांतही आता ही सोय आहे, परंतु तिचा खर्च सर्वांच्या आवाक्यातील नाही. उपनगरात साध्या सोनोग्राफीत दिसलेली गाठ लहान असतानाच रुग्णास योग्य केंद्राकडे धाडणे हे यंत्रसामग्रीइतकेच अगत्याचे मानले पाहिजे, कारण गाठ तीन सेंटिमीटरांहून जसजशी मोठी होत जाते तसतशी ती संपूर्ण नष्ट होण्याची आशा क्षीण होते. उपचारानंतर साधारण महिन्याने रंगद्रव्य टोचून पुन्हा स्कॅन काढतात, आणि कडेला कोठे ते शोषले गेलेले दिसले तर त्या जागी शलाका पुनश्च घालण्याची तजवीज करतात.